भुयारातली बोलणी

डंजनमध्ये, म्हणजे भुयारात, मारामारी करायची. रोलप्ले हवा असेल तर पात्रांना गावात नाहीतर राजदरबारात न्यायचे. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांत हे मत इतके रुळले आहे की नाशिकमध्ये नव्याने खेळ मांडणारे डीएमही (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) ते गृहीतच धरतात. या मतामागे तीन कारणे दिली जातात, आणि ती वरवरची नाहीत. भुयारातला प्राणी शत्रू असतो, तुम्ही त्याच्या घरात लुटायला घुसलेले असता, मग तो बोलेलच कशाला? खेळाचे नियम चिलखत, घाव आणि प्राणांक यांचे आहेत, बोलण्याला गुण कुठे मिळतात? आणि पात्र होऊन बोलायला नटाचे धाडस लागते, लाजऱ्या खेळाडूने काय करावे?

नियमांचे कारण आधी घेतो, कारण ते कागदावर तपासता येते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली तीन पुस्तिकांची पेटी बाजारात आणली. तिसऱ्या पुस्तिकेत, भुयाराच्याच प्रकरणात, बुद्धी असलेला प्राणी समोर आला तर दोन फासे टाका असे सांगितले आहे. बेरीज दोन ते पाच आली तर तो विरोधात, सहा ते आठ आली तर संभ्रमात, नऊ ते बारा आली तर अनुकूल. दोन फाशांची दाने ३६ प्रकारे पडतात. त्यांतली विरोधाची फक्त १०, संभ्रमाची १६ आणि अनुकूलतेची १०. म्हणजे चारांत जवळजवळ तीन वेळा बोलायला जागा आहे. वर देऊ केलेली लाच आणि वाटणारी भीती यांनुसार बेरीज कमीजास्त करावी, असेही तिथेच लिहिले आहे.

गुणांचा हिशेबही तसाच. सोन्याच्या एका नाण्यामागे एक अनुभवगुण मिळे. १९८१ च्या बेसिक पुस्तकात गॉब्लिन मारल्याचे गुण पाच, तेही सगळ्यांत वाटून. लढवय्याला दुसरी पातळी गाठायला २००० गुण लागत, म्हणजे एकट्याच्या वाट्याला ४०० गॉब्लिन. त्यापेक्षा गॉब्लिनला खायला घालून खजिन्याची वाट विचारणारा शहाणा ठरे. पुढे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत खजिन्याचे गुण ऐच्छिक झाले, २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ते उरलेच नाहीत. आज जी खेळाची प्रकृती समजली जाते, ती मोठ्या प्रमाणात या बदलातून आली आहे.

मुळात हा खेळ जन्मला तोच लढाई बाजूला पडल्यामुळे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेझली यांनी नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनस्टाइन नावाच्या जर्मन गावावर एक युद्धखेळ मांडला आणि खेळाडूंना गावातल्या माणसांच्या भूमिका दिल्या. खेळाडू आपापसात कट रचत, सौदे करत राहिले, आणि ठरलेली लढाई झालीच नाही. वेझलींना वाटले डाव फसला. खेळाडूंनी मात्र पुन्हा मांडण्याचा आग्रह धरला. त्या मंडळीत आर्नेसन होते.

आता शत्रू बोलेल कशाला, हा प्रश्न. त्याचे उत्तर आपल्या दाराशी उभे आहे. नाशिकहून पेठ रस्त्याने गेले की आशेवाडीच्या डोक्यावर रामशेज दिसतो. सह्याद्रीच्या मानाने ठेंगणा गड, वर खडकात खोदलेली टाकी आणि चोरदरवाजा. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला. सरदार बदलले, तोफा आल्या, लाकडी दमदमा उभा राहिला. मुघल इतिहासकार खाफीखानाने तर सोन्याचा नाग घेऊन पुढे निघालेल्या मांत्रिकाची हकिकतही लिहून ठेवली आहे. पाच वर्षे गड हलला नाही. शेवटी तो गेला तो फितुरीने, पैशाच्या बोलण्यांनी. छत्रपती संभाजी महाराजांच्या काळातला हा शेवट मनाला लागतो, आणि तो शौर्याचा नमुना म्हणून मी इथे आणलेला नाही. पण तटाच्या आत माणसे असतात, प्रत्येकाला स्वतःची भूक, भीती आणि हाव असते, ही गोष्ट या वेढ्याइतकी स्पष्ट क्वचितच दिसते. डंजनमध्ये बोलणी होत नाहीत तेव्हा दोष बहुधा डीएमच्या वहीचा असतो. खोलीत सहा ऑर्क, एवढेच लिहिलेले असते. त्यांतल्या एकाचा पगार थकला आहे आणि दुसऱ्याला सरदाराची जागा हवी आहे, एवढे लिहा. खेळाडू आपोआप दाराला कान लावतील.

उरला लाजरा खेळाडू. सिंधुदुर्गातला दशावतार पाहा. तिथे छापील संहिता नसते. आख्यान ठरते, कोण कोण ते ठरते, आणि संवाद रंगमंचावरच उभे राहतात. ते कलावंत कसलेले असतात, हे मान्यच आहे. पण त्यांची जी मूळ शिदोरी, ती कुणालाही देता येते: मी कोण, समोरच्याकडून मला काय हवे, आणि ते मिळाले नाही तर काय होईल. आवाज बदलण्याची गरज नाही. ‘माझी चेटकीण त्याला सोडून देण्याचे वचन देते आणि जिन्याबद्दल विचारते’, असे तिसऱ्या पुरुषात सांगणे हाही पूर्ण रोलप्ले आहे. डीएमने ‘पात्राच्या आवाजात बोल’ म्हणून आग्रह धरला की असा खेळाडू मिटतो. ‘तुला त्याच्याकडून काय हवंय?’ असे विचारले की तो बोलू लागतो. फासे त्यानंतर टाकावेत. आधी टाकले तर बोलण्यातली निवड निघून जाते आणि फक्त आकडा उरतो.

टेबलावर करण्यासारख्या दोन गोष्टी मला विशेष मोलाच्या वाटतात. पहिली अंतराची. शत्रू दिसण्याआधी ऐकू यावा. बोळाच्या टोकाला भांडणाचे आवाज, मशालीचा उजेड, मग थोडा वेळ. दार उघडताच इनिशिएटिव्हचा, म्हणजे लढाईतला क्रम ठरवणारा, फासा मागणारा डीएम बोलण्याची वाट स्वतःच बंद करतो. दुसरी कैद्यांची. पकडलेला प्रत्येक गॉब्लिन खोटे बोलला, सोडलेला प्रत्येक जण टोळी घेऊन परत आला, तर तिसऱ्या सेशनपासून खेळाडू कैदी पकडणे सोडतात, आणि मग डीएमच तक्रार करतो की यांना नुसती मारामारी हवी. बहुतेक कैद्यांना शब्द पाळू द्या. एखाद्याने दगा दिलाच, तर त्याचे कारण खेळाडूंना नंतर भुयारातच सापडू द्या: सरदाराने ओलीस धरलेला भाऊ, किंवा त्याला आधीच मिळालेली मोठी थैली.