पूर्वसाहित्याचा आढावा आणि सीमेवरील इतिहास : फुलसावंगी परिसरातील बंजारा समाजाच्या संदर्भात

प्रस्तावना :
फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील गाव. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्ह्यातील माहूरचा प्रदेश लागतो. पुसद, महागाव व उमरखेड या पट्ट्यात बंजारा तांडे मोठ्या संख्येने आहेत. या तांड्यांचा इतिहास पीएच.डी. प्रबंधासाठी निवडावा, असे परिसरातील एखाद्या विद्यार्थ्यास वाटणे स्वाभाविक आहे. अडचण सुरू होते ती 'संशोधन साहित्याचा आढावा' या प्रकरणापासून. बहुतेक प्रबंधांत हे प्रकरण सर्वांत शेवटी लिहिले जाते आणि दुसऱ्या क्रमांकावर बसविले जाते. प्रत्येक ग्रंथास एक परिच्छेद, आणि शेवटी 'या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही' हे वाक्य. हे वाक्य क्वचितच खरे असते.

सीमा बदलल्या, नावे बदलली :
१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला. पुढील अर्धशतक वऱ्हाडचे अधिकारी हैदराबादच्या रेसिडेंटला उत्तरदायी होते. १९०२ च्या करारानंतर १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या प्रशासनास जोडला गेला आणि कागदपत्रांचा ओघ नागपूरकडे वळला. पुसद तालुका, ज्यात महागावचा प्रदेश मोडत असे, १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा मोडल्यावर तो यवतमाळकडे आला. स्वतः यवतमाळ जिल्हाही त्यापूर्वी 'वणी' या नावाने ओळखला जाई. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

याचा अर्थ असा की, ग्रंथालयाच्या सूचीत केवळ 'यवतमाळ' हा शब्द शोधणाऱ्यास १९०५ पूर्वीचे निम्म्याहून अधिक साहित्य दिसणारच नाही. लायल यांचे १८७० चे वऱ्हाड गॅझेटिअर त्याच्या हाती लागेल की नाही, हा योगायोगाचा भाग ठरतो. समाजाच्या नावाबाबतही हेच. इंग्रजी ग्रंथांत ब्रिंजारी, बंजारी, लंबाडी, लभाण अशी नावे येतात. वंजारी हा निराळा समाज असूनही जुन्या नोंदींत त्याची सरमिसळ झालेली आढळते. म्हणून आढाव्याच्या नियोजनात ग्रंथांच्या यादीआधी नावांची यादी करावी लागते. जुन्या मराठी मुद्रित ग्रंथांसाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आणि अलीकडील प्रबंधांसाठी 'शोधगंगा' ही दोन्ही साधने या नावांच्या यादीसह चाळली तरच उपयोगी पडतात.

एका वृत्तांताची परंपरा :
रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बंजारा समाजावरील जवळजवळ प्रत्येक प्रबंधात त्याचा आधार असतो. परंतु या ग्रंथातील बंजाराविषयक लेखाच्या आरंभीची टीप वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. हा लेख प्रामुख्याने वऱ्हाड पोलिसांतील कंबरलेज यांच्या टिपणावर आधारलेला असल्याचे तेथे नमूद आहे. ते टिपण १८६९ च्या सुमारास लिहिले गेले असावे व १८८२ मध्ये पुन्हा छापले गेले. त्याखेरीज १८८१ च्या वऱ्हाड जनगणना अहवालातील मॅकेंझी यांच्या नोंदी आणि गंथॉर्प यांचे 'गुन्हेगार' जमातींवरील पुस्तक यांचाही तेथे उल्लेख आहे.

अर्थात, रसेल आणि कंबरलेज यांना दोन स्वतंत्र साक्षीदार मानणे ही पद्धतीची चूक आहे. साक्षीदार एकच आहे आणि तो पोलीस अधिकारी आहे. जंगी व भंगी या नायकांना शाहजहानच्या काळातील दक्षिण मोहिमेत आसफखानाकडून ताम्रपट मिळाल्याची कथा याच वाटेने ग्रंथाग्रंथांतून फिरत आली. तिला वीस संदर्भ देता येतात, पण मुळाशी पोचल्यावर ते वीस राहात नाहीत. याउलट ब्रिग्ज यांचा १८१९ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या खंडात छापलेला वृत्तांत त्याहून पन्नास वर्षे जुना, आणि बैलांच्या तांड्यांवरील व्यापार जिवंत असतानाचा आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचल्यानंतर लिहिणाऱ्यांनी पाहिला तो व्यवसाय गमावत चाललेला समाज. 'गुन्हेगार' हा शिक्का कोणत्या काळातील लेखणीने मारला, हे त्यामुळे केवळ पद्धतीचे प्रश्न उरत नाहीत. १८७१ च्या कायद्याने दिलेले ते विशेषण १९५२ मध्ये कायद्यातून गेले, तरी निष्काळजी आढाव्यांतून ते आजही अवतरणचिन्हांशिवाय उतरताना दिसते.

नदीपलीकडील साहित्य :
यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' (१९२४) वऱ्हाडच्या राजकीय चौकटीसाठी आवश्यकच आहे. परंतु तांडे सीमा मानत नव्हते. त्यामुळे सिराज-उल-हसन यांचा निजाम राज्यातील जातींवरील ग्रंथ (१९२०) आणि भांग्या भुक्या यांचा निजामी अमलातील लंबाडांवरील २०१० चा अभ्यास हे 'दुसऱ्या राज्याचे' म्हणून वगळता येत नाहीत. महाराष्ट्रात विमुक्त जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत गणला जाणारा हा समाज दोन वेगळ्या विद्याशाखांच्या कपाटांत विभागला गेला आहे.

आत्माराम राठोड यांचे 'तांडा' हे आत्मकथन मराठी विभागाचे समजून इतिहासाचे विद्यार्थी बाजूला ठेवतात, हेही खटकते. तांड्यातून लिहिला गेलेला मजकूर आणि पोलीस चौकीतून लिहिला गेलेला मजकूर एकाच पानावर समोरासमोर ठेवणे, हेच तर आढाव्याचे काम आहे. त्यासाठी नोंदवहीत ग्रंथनाम व वर्ष यांबरोबर दोन रकाने अधिक आखावेत : लेखकाने स्वतः काय पाहिले, आणि काय कोणाकडून घेतले. पहिल्या सहा महिन्यांत एवढे झाले तर फुलसावंगीच्या आसपासच्या तांड्यांत जाऊन वृद्ध नायकांना व वंशावळी गाणाऱ्या ढाडींना कोणते प्रश्न विचारायचे, ते त्या रिकाम्या राहिलेल्या चौकोनांवरूनच ठरते.