कोपरामागची नस

१८८१ पासून १९३१ पर्यंतच्या खानेसुमाऱ्यांत धर्म, जात, व्यवसाय यांच्या जोडीला आणखी एक रकाना असे: आंधळे, मुके-बहिरे, वेडे आणि महारोगी. जालना तेव्हा निझामाच्या राज्यात होते; तिथली शिरगणतीही त्याच साच्यात ओतलेली. महारोगी कोण हे ठरवायचे गणतीदाराने, तेही उंबऱ्याबाहेर उभे राहून, नुसत्या नजरेने. अंगावर पांढरे कोड असलेल्यांना यात धरू नये, झडणारा महारोग तेवढाच मोजावा, अशी सूचना त्याला असे. साहजिकच ज्यांची बोटे झडली, नाक बसले, तेच कागदावर आले. ज्याच्या करंगळीची जाणीव त्याच वर्षी गेली होती तो त्या रकान्यात नव्हता. आपले काही गेले आहे हे पुष्कळदा त्याला स्वतःलाही ठाऊक नसे.

मज्जातंतू आणि स्नायू यांच्या तपासणीचा इतिहास सहसा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. गॅल्वानीने १७९१ मध्ये बेडकाच्या पायावरील विजेचे प्रयोग प्रसिद्ध केले. हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्याच मज्जातंतूतून संवेदना सेकंदाला सुमारे २७ मीटर वेगाने धावते असे मोजले. पॅरिसच्या द्युशेनने १८५५ मध्ये एकेका स्नायूला विजेने आकुंचित करण्याविषयीचा आपला ग्रंथ छापला. पुढे एड्रियन आणि ब्रॉन्क यांची स्नायूत खुपसायची सुई १९२९ ची, तर जिवंत माणसाच्या हातातील मज्जातंतूचा वेग मोजण्याची रीत १९४८ च्या सुमाराची. ही परंपरा थोर आहे यात शंका नाही. परंतु मराठवाड्यातल्या वा विदर्भातल्या माणसाची नस प्रत्यक्षात कोणी तपासली, कशाने तपासली आणि तपासून त्याचे पुढे काय केले, हा प्रश्न घेतला की ही परंपरा फार थोडा वेळ सोबत करते. आपल्याकडे लाखो माणसांच्या नसा तपासल्या गेल्या त्या कुष्ठरोगामुळे, आणि त्या तपासणीचे मुख्य साधन बोट हे होते.

सुश्रुताच्या निदानस्थानात कुष्ठाच्या लक्षणांत ‘स्पर्शहानि’ हा शब्द येतो. घरोघरीचे ज्ञानही तेच होते: भाकरी उलटताना बोटाला फोड येतो आणि बाईला तो दुसऱ्या दिवशी, पाहिल्यावर कळतो, शेतातून परतलेल्या गड्याच्या टाचेत काटा मोडलेला असतो आणि तो लंगडत नाही. नॉर्वेच्या डॅनिएल्सन व बोक यांनी १८४७ मध्ये या रोगाचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा नसांच्या विकाराची नोंद त्यात होती. हान्सेनला जंतू दिसला तो १८७३ मध्ये.

स्पर्श गेला आहे असे ठरण्याचा अर्थ मात्र काळानुसार बदलत गेला. मुंबईत म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंग्याला महारोग्यांचा आश्रम उभा राहिला. १८९८ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात भीक मागणाऱ्या महारोग्याला पकडून आश्रमात ठेवण्याची मुभा सरकारला दिली. त्यासाठी निरीक्षकाचा दाखला लागे. म्हणजे तपासणी होती, पण ती रुग्णाच्या कामाची नव्हती. तिचा निकाल म्हणजे त्याची रवानगी. (हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले.) निझामाच्या राज्यात निझामाबादजवळ डिचपल्लीला इझाबेल केर या मिशनरी डॉक्टरबाईंनी १९१५ मध्ये काम उभारले. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग जालन्यावरून जातो आणि डिचपल्लीवरूनही. नकाशावर हे अंतर रुळांनी जोडलेले दिसते. हातपाय वाकडे झालेल्या माणसाला ते किती लांब होते, याचा अंदाज वाचकाने करावा.

वळण आले ते स्वातंत्र्यानंतर. डॅप्सोनच्या गोळ्या आल्या, १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि रुग्णाला आश्रमात आणण्याऐवजी कार्यकर्त्याने गावात जायचे, सर्वेक्षण, शिक्षण व उपचार एकत्र करायचे, ही पद्धत तिथून पुढे देशभर गेली. १९५५ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने ती उचलली. तेव्हापासून महाराष्ट्राच्या खेड्यांत एक नवा माणूस सायकलवरून दिसू लागला. त्याचे पदनाम अवैद्यकीय सहायक, पुढे कुष्ठरोग तंत्रज्ञ. तो डॉक्टर नव्हता. पण कोपरामागच्या खोबणीतली नस त्याच्याइतकी कोणी चाचपलेली नसेल.

ही तपासणी थोडी तपशिलाने सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. रुग्णाचा हात कोपरात वाकवायचा, आतल्या हाडाच्या मागची नस बोटांच्या टोकांनी हलकेच घोळवायची, दुसऱ्या हाताशी ताडून पाहायची. जाड लागते का, दुखते का? हे करताना नजर कोपराकडे नव्हे तर रुग्णाच्या चेहऱ्याकडे ठेवायची असे शिकवले जाई, कारण माणूस ‘दुखत नाही’ म्हणतो आणि भुवई आकसते. मग गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची नस, घोट्यामागची नस. जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो, आणि या जागी नस कातडीलगत असते. सुजली की भोवतीच्या आवरणात आणि हाडाच्या अरुंद वाटेत आवळली जाते. त्यानंतर स्नायू: करंगळी बाहेर काढून धरायला सांगून ती आत दाबायची, अंगठा वर उभा करून दाबायचा, पाऊल वर उचलायला लावायचे, डोळे घट्ट मिटायला सांगायचे. नोंद तीन शब्दांत: जोर चांगला, कमी, नाही. शेवटी स्पर्श. रुग्णाने डोळे मिटायचे, तंत्रज्ञाने तळव्यावर बॉलपेनचे टोक हलके टेकवायचे, आणि रुग्णाने त्याच जागी बोट ठेवायचे. गरम आणि गार पाण्याच्या दोन परीक्षानळ्या जिथे मिळत तिथे त्याही वापरीत.

बॉलपेनची जागा पुढे नायलॉनच्या तंतूने घेतली. जर्मनीतल्या फॉन फ्राय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्याच्या केसांनी स्पर्श मोजला होता. १९६० मध्ये सेम्स आणि वाइनस्टाइन यांनी नायलॉन घेतले. तंतू वाकतो तेव्हा त्याचा दाब ठरलेला असतो. तळहाताला ०.२ ग्रॅमचा तंतू जाणवला पाहिजे. पावलाला १० ग्रॅमचाही जाणवेना तर काटा, खिळा, चटका काहीच कळणार नाही.

स्नायूंच्या या बारीक नोंदीवरच वाकड्या हाताची शस्त्रक्रिया उभी राहिली. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. त्यांच्या ध्यानात आले की पंजा लुळा पडलेल्या रुग्णाच्याही दंडाखालचे, मनगट हलवणारे कित्येक स्नायू शाबूत असतात, कारण त्यांना जाणारी शाखा नस आवळली जाते त्याच्या वरच फुटलेली असते. तेव्हा तिथला सशक्त स्नायूबंध काढून बोटांना जोडता येईल. महाराष्ट्रात पुण्याजवळ कोंढव्याला आणि मग मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी हे काम वाढवले. जो तपास पूर्वी माणसाला गावाबाहेर काढण्यासाठी होता, तोच आता कोणता स्नायू अजून कामाचा आहे हे शोधू लागला.

जालना जिल्हा अस्तित्वात आला १ मे १९८१ रोजी. औरंगाबादचे चार तालुके आणि परभणीतले परतूर मिळून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्या औषधांनी जंतू मरतो, हे निर्विवाद. ‘न खाजणारा, न दुखणारा बधिर चट्टा’ ही शब्दरचना याच दशकांत गावोगावच्या भिंतींवरून मराठीत रुळली. रुग्णसंख्या घसरली आणि दहा हजारांमागे एकाहून कमी हे उद्दिष्ट देशाने डिसेंबर २००५ मध्ये गाठले.

माझा आक्षेप त्या यशावर नाही, मोजण्याच्या रीतीवर आहे. जंतू मेला म्हणून नसेची सूज थांबतेच असे नाही. मेलेल्या जंतूंविरुद्धही शरीर लढत राहते, आणि औषधे पूर्ण होऊन रजिस्टरातून नाव कमी झाल्यावर महिन्यांनी हात अधू होऊ शकतो. नवा अधूपणा सहा महिन्यांच्या आत ध्यानात आला तर प्रेडनिसोलोनने पुष्कळदा परततो. नंतर आशा थोडी. हे सहा महिने पकडायचे तर कोणीतरी पुन्हापुन्हा करंगळी दाबून पाहिली पाहिजे. आणि इथे आकडेवारी आड येते. विकृतीची पहिली श्रेणी म्हणजे नुसता बधिरपणा, डोळ्यांना न दिसणारा. दुसरी म्हणजे दिसणारे व्यंग. अहवालांत ठळकपणे येतो तो दुसऱ्या श्रेणीचा आकडा, कारण तो नजरेने भरतो. पहिली श्रेणी ज्याने तपासले त्यालाच सापडते. १९३१ चा गणतीदार मला इथे आठवतो.

यंत्र इथे काय करते? उत्तर प्रदेशात नैनी व फैजाबाद येथे १८८ रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. संवेदी नसेचा विद्युत्‌प्रतिसाद आणि उष्णता ओळखण्याची क्षमता यांत बिघाड तंतूच्या चाचणीआधी, कधी कधी बारा आठवडे आधी, दिसला. बारा आठवडे म्हणजे त्या सहा महिन्यांचा अर्धा. यंत्राचे मोल नाकारण्यात अर्थ नाही. पण मंठा किंवा भोकरदनच्या रुग्णाला त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागते, आणि हात गार असला तर वेग खोटाच कमी येतो, म्हणून तिथेही आधी कोणीतरी हात हातात घेऊन तो ऊबदार करावा लागतो.

या शतकाच्या आरंभी कुष्ठरोगाची वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली. सायकलवरची पिढी निवृत्त झाली. १० ग्रॅमचा तो नायलॉनचा तंतू मात्र आता मधुमेहाच्या दवाखान्यांत दिसतो. रुग्ण वेगळे, रोग वेगळा. पावलाखाली तंतू टेकवताना डोळे मिटायला सांगतात, आणि रुग्ण ‘आता?’ असे विचारतो, तेव्हा बहुधा तो आधीच टेकवून झालेला असतो.