स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारात हाडं का ठिसूळ होतात? काय तपासायचं, काय खायचं, कोणती गोळी कशी घ्यायची

जालना : स्तनाचं ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक झाला. डॉक्टरांनी रोज एक गोळी घ्यायला सांगितली, ती पाच वर्षं चालणार. घरच्यांना वाटतं, मोठं संकट टळलं. आमच्या नात्यातल्या एका बहिणीचंही असंच होतं. दोन वर्षं तिने गोळीचा एक दिवस चुकवला नाही. मग गोठ्यात शेणावरून पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "हाडांची तपासणी कधी केली होती?" तोपर्यंत अशी काही तपासणी असते हेच घरात कोणाला माहीत नव्हतं. म्हणून हा लेख.

हाडांचा आणि या उपचाराचा काय संबंध?

बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन हाडांची राखण करतं. हाड म्हणजे मेलेला दगड नाही. जुनं हाड झिजत राहतं आणि नवं भरत राहतं. इस्ट्रोजेन कमी झालं की झीज वाढते आणि भर मागे पडते. पाळी गेल्यावर प्रत्येक बाईचं थोडंफार असं होतंच. पण स्तनाच्या कॅन्सरच्या बऱ्याच गाठी याच इस्ट्रोजेनवर वाढतात, त्यामुळे उपचारात ते मुद्दाम कमी केलं जातं. कॅन्सरला उपाशी ठेवायचं तर हाडंही थोडी उपाशी राहतात, असा हा पेच आहे.

पाळी गेलेल्या बाईला बहुतेक वेळा लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन यातली एक गोळी देतात. या गोळ्यांमुळे हाडांची घनता वर्षाला साधारण दोन टक्क्यांनी घटू शकते. नुसत्या वयाने होणाऱ्या झिजेच्या ही जवळजवळ दुप्पट आहे. टॅमॉक्सिफेनचं गणित वेगळं आहे. पाळी गेलेल्या बाईच्या हाडांना ती गोळी थोडा आधारच देते, पण पाळी चालू असलेल्या बाईत थोडी झीज करू शकते.

तरुण बाईला सर्वात मोठा धक्का केमोने बसतो. केमोमुळे अंडाशय बंद पडले आणि पाळी कायमची गेली तर पहिल्याच वर्षात मणक्याच्या हाडाची घनता सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरल्याचं अभ्यासात दिसलं आहे. पाळी थांबवायची इंजेक्शनं देतात तेव्हा किंवा अंडाशय काढतात तेव्हाही हाच प्रकार होतो. आपल्याकडे पन्नाशीच्या आतल्या रुग्णांचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे, म्हणून ही गोष्ट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची.

पिशवी काढलेल्या बायांनी हे आधी सांगावं

हा मुद्दा आपल्या भागाचा आहे, म्हणून थोडा सविस्तर लिहितो. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनांची चौकशी झाली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली होती. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात चाळिशीच्या आतल्या अनेक होत्या. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातूनही टोळ्या ऊसतोडीला जातात. आपल्याकडे अशा बाया नाहीत असं कोणी म्हणू नये.

पिशवीसोबत दोन्ही अंडाशयही काढले असतील तर त्या बाईची हाडं कॅन्सर होण्याच्या कितीतरी आधीपासून झिजायला लागलेली असतात. अंडाशय ठेवले असले तरी ते जरा लवकर थकतात. आणि दुसरी अडचण याहून मोठी आहे. पिशवी नसली की पाळी येत नाही, मग पाळी "गेली" की नाही हे कळायचं कसं? लेट्रोझोलसारखी गोळी अंडाशय चालू असतील तर नुसती देऊन उपयोगाची नाही, ती कॅन्सरवर नीट काम करत नाही. त्यासाठी रक्तातले हार्मोन तपासावे लागतात. ऑपरेशनचा कागद असेल तर घेऊन जा. कागद नसेल तर किमान इतकं तोंडाने सांगा की पिशवी अमुक वर्षी काढली, अंडाशय काढले की नाही माहीत नाही. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासणीवरून पुढचं डॉक्टर ठरवतील. लाजून हे लपवू नका.

तपासणी कोणती?

तपासणीचं नाव डेक्सा स्कॅन. टेबलावर दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, सुई नाही, दुखत नाही, किरणंही अगदी थोडी. कंबरेचे मणके आणि खुबा मोजतात. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर नावाचा आकडा येतो. उणे १ च्या वर असेल तर ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या मधे असेल तर हाडं विरळ व्हायला लागली आहेत. उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर हाडं ठिसूळ झाली, असं धरतात. लेट्रोझोल गटातली गोळी सुरू करताना एकदा आणि नंतर दर एक-दोन वर्षांनी हा स्कॅन करावा.

गावोगावी "मोफत हाडांची तपासणी" अशी शिबिरं लागतात. तिथे टाच एका छोट्या मशीनमध्ये ठेवून आकडा देतात. ते मशीन वेगळं, डेक्सा वेगळा. कॅन्सरच्या बाईने त्या आकड्यावर निश्चिंत होऊ नये आणि त्या आकड्याने घाबरून टेबलावर मांडलेले डबेही विकत घेऊ नयेत.

छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, जालना शहरापासून साधारण साठ किलोमीटर. मंठ्याच्या माणसाला तर आधी जालना गाठायचं आणि मग पुढे. डेक्सा कुठे होतो, कोणत्या दिवशी होतो हे आधी फोन करून किंवा मागच्या फेरीतच विचारून घ्या. केमोच्या किंवा फेरतपासणीच्या दिवशीच तो बसवला तर एक रोज वाचतो. स्कॅनच्या जोडीला रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि किडनीचं क्रिएटिनिन पाहतात.

भाकरी पोट भरते, कॅल्शियम भरत नाही

या बायांना दिवसाला जेवण आणि गोळी मिळून १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आपली ज्वारी आणि बाजरी बाकी सगळ्यात चांगली, पण १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम तिसाच्या आतबाहेर, बाजरीतही फार नाही. नाचणीत तेवढ्याच वजनात साडेतीनशेच्या आसपास असतं. नाचणी आपल्याकडे पिकत नाही, पण किराण्यात मिळते. ज्वारीच्या पिठात मिसळली तर भाकरी थापताना थोडी तुटते एवढंच. तिळात १०० ग्रॅमला हजाराच्या वर जातं, म्हणजे दोन चमचे तिळाची चटणी कामाची आहे. तीळ भाजून कुटून घ्या, अख्खे तसेच पोटातून निघून जातात. शेवग्याचा पाला बांधावर फुकट असतो, पण आपण शेंगा खातो आणि पाला शेळीला घालतो.

राहिलं दूध. गाईच्या २०० मिली दुधात साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. पण आपल्या घरात दूध डेअरीला जातं आणि चहापुरतं उरतं, आणि तो चहाही घरची बाई शेवटी पिते. आजारी बाईसाठी सकाळ-संध्याकाळ एक-एक ग्लास आधी बाजूला काढून मग कॅन भरावी.

जेवणातून कमी पडेल तेवढंच गोळीतून घ्यायचं. साधी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणानंतर लगेच घ्यावी. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अंगी लागत नाही. लोहाची किंवा थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हीत काही तासांचं अंतर ठेवा, चहासोबत तर घेऊच नका.

उन्हात राबणाऱ्या बाईला ड जीवनसत्त्व कसं कमी पडेल, हा प्रश्न मलाही पडायचा. पण शेतात काम करताना डोक्यावर पदर, वरून शर्ट, तोंडाला रुमाल, आणि केमोनंतर बाई घरातच असते. तपासल्याशिवाय धरून चालू नये. कमी निघालं तर डॉक्टर साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देतात. इथे चूक होते ती अशी की घरचे ती रोजची समजून रोज देतात. त्याने कॅल्शियम रक्तात वाढून किडनीला त्रास होऊ शकतो. पाकिटावर वार लिहून ठेवा.

गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा, असा सल्ला मोबाईलवर फिरतो. चुन्यात कॅल्शियम आहे हे खरं, पण दाण्याएवढा म्हणजे किती हे कोणी मोजत नाही आणि तो तोंड भाजतो. मशेरी लावणाऱ्या बायांनी मशेरी सोडावी. तंबाखू हाडालाही वाईट, दातालाही. दाताचं महत्त्व पुढे येतंच. सोयाबीन खावं का, हा प्रश्न आपल्या भागात नेहमी येतो. भाजीतल्या सोया वड्या किंवा पिठातलं थोडं सोयाबीन चालतं. सोयाच्या अर्काच्या गोळ्या आणि पावडरी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि "पाळी गेल्याच्या त्रासावर" म्हणून दिली जाणारी हार्मोनची गोळी स्तनाच्या कॅन्सरच्या बाईने घेऊच नये.

हाडं वाचवणारी औषधं

टी-स्कोअर खाली असेल किंवा आधी हाड मोडलेलं असेल तर आहारावर भागत नाही. तीन औषधं जास्त वापरली जातात.

अलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा. उठल्यावर उपाशीपोटी, साध्या पाण्याच्या भरल्या ग्लासासोबत. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, चहा नाही. आपल्याकडे चहाशिवाय दिवस उजाडत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. चहासोबत घेतली तर गोळी वाया जाते, आणि लगेच आडवं झाल्यास अन्ननळीला जखम होऊ शकते.

झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड सलाईनमधून देतात, ४ मिलिग्रॅम दर सहा महिन्यांनी. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येते, ती बहुतेक पॅरासिटामॉलने जाते. या औषधाचा आणखी एक फायदा आहे. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २६ चाचण्यांतल्या १८ हजारांहून जास्त बायांचा एकत्र हिशेब छापून आला. पाळी गेलेल्या बायांमध्ये या गटातली औषधं घेतलेल्यांत दहा वर्षांत कॅन्सरने मृत्यू शंभरात १८ ऐवजी सुमारे १५ झाले, आणि हाडात कॅन्सर परतण्याचं प्रमाणही घटलं. म्हणून पाळी गेलेल्या आणि कॅन्सर परतण्याचा धोका असलेल्या बाईने हाडं चांगली असली तरी "हे इंजेक्शन मला लागू पडतं का?" असं विचारायला हरकत नाही. पाळी चालू असलेल्या बायांत हा फायदा दिसला नाही.

तिसरं डेनोसुमॅब, ६० मिलिग्रॅम, कातडीखाली दर सहा महिन्यांनी. २०१५ मध्येच छापलेल्या ऑस्ट्रियातल्या अभ्यासात लेट्रोझोल गटाची गोळी घेणाऱ्या बायांची हाडं मोडण्याचं प्रमाण याने निम्म्यावर आलं. पण हे मधेच सोडलं तर हाडांची घनता झपाट्याने उतरते आणि मणके एकामागे एक दबू शकतात. सुरू करण्याआधी घरात बसून हिशेब करा, की पुढची इंजेक्शनं वेळेवर होतील का? जूनची तारीख पेरणीच्या धांदलीत येते, डिसेंबरची कापूस वेचणीत आणि ऊसतोडीच्या हंगामात. बंद करायचंच असेल तर त्याजागी दुसरं औषध देऊन बंद करतात, आपल्या मनाने नाही.

झोलेड्रॉनिक आणि डेनोसुमॅब या दोन्हींच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. क्वचित कधी, सहा महिन्यांच्या डोसवर शंभरात एकीपेक्षाही कमी वेळा, जबड्याचं हाड कुजतं, आणि ते बहुतेक दात काढल्यावर घडतं. किडलेला दात आधी काढून जखम भरू द्यावी. औषध चालू असताना दात काढायची वेळ आली तर दातांच्या डॉक्टरांना इंजेक्शनचं नाव सांगा.

वॉर्डात शेजारच्या बाईला हेच इंजेक्शन दर महिन्याला मिळतं आणि आपल्याला सहा महिन्यांनी, म्हणून काही जण गोंधळतात. हाडात कॅन्सर पसरला असेल तर डोस आणि अंतर वेगळं असतं. त्यात भेदभाव नाही.

दुखणं कोणतं, धोका कोणता

हाड ठिसूळ होताना दुखत नाही, मोडल्यावरच कळतं. लेट्रोझोलने सकाळी बोटं आखडणं, गुडघे दुखणं होतं, ते सांध्याचं दुखणं आहे. त्यापायी आणि हाडांच्या भीतीने बाया गोळी गुपचूप सोडतात. सोडू नका, डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. पण पाठीत एकाच जागी सतत दुखत असेल, रात्री झोपल्यावर वाढत असेल, तर त्याला कष्टाचं दुखणं समजून मलम चोळत बसू नका. पाय जड पडले, मुंग्या आल्या, लघवी-संडासचा ताबा गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

रोज अर्धा तास चालणं, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं हे हाडाला चांगलं. टी-स्कोअर फार खाली असेल तर वाकून ओझं उचलणं, कापसाचं गाठोडं, डोक्यावरची घागर बंद. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातावर तर ओझं नकोच. मोरीतलं शेवाळ घासून काढा, गोठ्यात बल्ब लावा, रात्री बाहेर जायच्या वाटेवरचे दगड हलवा.

पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड, आधार आणि सगळे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक बसतात. हाडाचं इंजेक्शन आपल्या उपचारात बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. नाही बसलं तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जन औषधी केंद्रात विचारा, कंपनीच्या नावाच्या औषधापेक्षा तिथे बरंच स्वस्त पडतं. चिठ्ठीच्या मागे पुढच्या इंजेक्शनची तारीखही लिहून घ्या.