पेरोज आणि अक्षरे

पेरोज म्हणजे तांब्याच्या अंशामुळे निळाई पावलेले रत्न. प्राचीन इजिप्तचे लोक ते सिनाई द्वीपकल्पातील सेराबीत अल्-खादिम येथे खणून काढीत. तेथे ‘पेरोजाची स्वामिनी’ हाथोर देवी हिचे मंदिरही होते. १९०५ साली फ्लिंडर्स पेट्री यांस या परिसरात काही ओबडधोबड लेख आढळले. १९१६ साली ॲलन गार्डिनर यांनी त्यांतील ‘बालत’, म्हणजे ‘स्वामिनी’, हा शब्द लाविला. खाणींवरील सेमिटिक भाषिकांच्या या लिपीशीच फिनिशियन, ग्रीक व रोमन वर्णमालांचे मूळ जाऊन भिडते, असे अनेक विद्वान मानतात. विद्या ही केवळ पंडितांची मिरास, असे म्हणणारांस हा इतिहास पुरेसे उत्तर आहे. छिन्नी धरणाऱ्या हातांनीच तेथे अक्षरेही कोरली. आपल्या ज्ञातीतील मुलामुलींनी कारागिरी व विद्या यांत अंतर मानू नये, हीच विनंती.