हिरव्या ज्योतीचा पुरावा

मोटारीच्या एसीतला गॅस गळतो तेव्हा ना काही दिसतं, ना कसला वास येतो. माझी निम्मी हयात या न दिसणाऱ्या गळतीच्या मागावर गेली. ही अडचण मात्र माणसाने समजूनउमजून पत्करलेली आहे.

पूर्वी थंडाव्याच्या यंत्रांत अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड असे. गळती झाली की नाक झोंबायचं. अमोनियाची नेमकी जागा हवी असेल तर पेटलेली गंधकाची कांडी सांध्याजवळ फिरवायची, गळती असेल तिथे दाट पांढरा धूर उठे. पण हे वायू माणसाच्या जिवावर उठणारे. म्हणून अमेरिकेत टॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी थंडाव्यासाठी आर-12 हा वायू शोधला. 1930 मध्ये मिजलीने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटत नाही, हे सिद्ध झालं. गळतीची वर्दी देणारा वासही त्याबरोबर गेला.

घरच्या फ्रिजमध्ये हे चालून गेलं, कारण तिथे मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच बंद डब्यात असतात. पॅकार्ड कंपनीने 1940 च्या मॉडेलपासून मोटारीत एसी द्यायला सुरुवात केली, आणि तिथे तसं जमणारं नव्हतं. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणार, म्हणजे त्याचा शाफ्ट बाहेर काढावाच लागणार आणि तिथे सील बसवावं लागणार. इंजिन थरथरतं म्हणून पाइप रबराचे. सील झिजतं, रबरातून गॅस पाझरतो. थोडीफार गळती या रचनेतच आहे.

मग गॅरेजात हॅलाइड टॉर्च आली. छोटी ज्योत, तिच्यावर तांब्याची चकती, आणि ज्योतीला लागणारी हवा ओढून घेणारी एक रबरी नळी. नळीचं तोंड सांध्याच्या खालून फिरवायचं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड. गॅस ओढला गेला की त्यातलं क्लोरीन तापल्या तांब्याशी जुळून ज्योत हिरवी होते. गळती मोठी असेल तर निळी-जांभळी. बाइलश्टाइन या रसायनशास्त्रज्ञाची 1872 ची परीक्षाच गॅरेजात उतरली होती. आमचे उस्ताद टॉर्च पेटवण्याआधी शटर पूर्ण वर करायला लावत. ज्योतीत जळालेल्या आर-12 मधून आम्लाच्या वाफा निघतात, फॉस्जीनसुद्धा, आणि फॉस्जीन हा पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू.

जे क्लोरीन आम्हाला जागा दाखवत होतं, तेच वर जाऊन ओझोन खात होतं. जेम्स लव्हलॉक या शास्त्रज्ञाने 1957 मध्ये अतिशय संवेदनशील शोधक बनवला होता. 1971 मध्ये तो शोधक घेऊन लव्हलॉक जहाजाने अंटार्क्टिकाकडे निघाला आणि आर-12 च्याच कुळातला आर-11 त्याला भर अटलांटिकवरच्या हवेत सापडला. गळती शोधण्याच्या इतिहासातली ही मला सर्वांत मोठी कामगिरी वाटते. 1974 मध्ये मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी अशा वायूंचा ओझोनवरचा परिणाम मांडला, 1987 मध्ये त्यांना आळा घालणारा मॉन्ट्रियल करार झाला.

पुढे आर-12 च्या जागी आर-134ए आला. त्यात क्लोरीन नाही, म्हणून टॉर्चची ज्योत त्याच्यापुढे रंग बदलेना. टॉर्च अडगळीत गेली. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर, अतिनील दिव्याखाली चमकणारा डाय आणि नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावणं, यांवर काम चालू लागलं. आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वजनाला वजन तोलून कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता अडवतो. तरी गळती न शोधता दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून देण्याची रीत सर्रास आहे. मला ती अजिबात मान्य नाही.

गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं. त्यामुळे ज्या सांध्यावर तेलकट धूळ चिकटलेली दिसेल, तिथे आधी पाहायचं. ही खूण आर-12 लाही लागू होती, आजही आहे. अपवाद कूलिंग कॉइलचा. ती डॅशबोर्डच्या आत दडलेली असते, नजरेला पडत नाही. मग गाडी बंद करून थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि पाणी ठिबकतं त्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी डिटेक्टर धरायचा. जड गॅस तिथेच उतरलेला असतो.