टिळकांचा ‘देवाचा दरबार’
मंडळी, ठाकुर्लीतल्या या व्याख्यानात एका छोट्या प्रयोगाबद्दल बोलायचं आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत जबर होती. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दुरावल्या. ‘स्मृतिचित्रे’त ते सगळं आलंच आहे.

पण टिळकांनी तुकोबांना सोडलं नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते सांगत. म्हणून त्यांची ख्रिस्तभक्तीही अभंगातून, भजनातून आणि कीर्तनातून वाहिली.

१९१७ साली मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला गेले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. १९१९ साली टिळक गेले आणि दरबार फारसा वाढला नाही.

आता माझा प्रश्न. श्रद्धा बदलली म्हणजे आपली माणसंही सोडावी लागतात का? ज्यांनी स्वतः ही किंमत मोजली, त्यांनी ती दुसऱ्याकडून मागितली नाही. मला दरबाराचं मोल इथे वाटतं.