मोठा शब्द म्हणजे नेमका अर्थ नव्हे

इंग्रजीतला लांबलचक शब्द नेमका असतो आणि मराठीत तेवढी नेमकी सोय नाही, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात सिद्धांतासारखी वावरते. तिच्यातून निघणारा निष्कर्ष असा की कायदा, तंत्र आणि शास्त्र यांचा व्यवहार इंग्रजीतच राहू द्यावा आणि लोकांना त्याचा सारांश मराठीत सांगावा. हे म्हणणे चुकीचे आहे. त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे मुंबईच्याच हद्दीतल्या मनोरी गावात पाहता येते.

आधी लांबीचा प्रश्न. मुलांना कौतुकाने पाठ करायला दिला जाणारा ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ हा शब्द इंग्रजीत २९ अक्षरांचा आहे. शशी थरूर यांनी २०१८ साली आपल्या पुस्तकाची घोषणा करताना तो वापरला आणि देशभर त्याची चर्चा झाली. त्याचा अर्थ एवढाच, की एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे. ‘न्यूमोनो’ने सुरू होणारा ४५ अक्षरांचा शब्द तर १९३५ साली अमेरिकेतल्या शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षाने रचला, तोही सर्वांत लांब शब्द हवा म्हणून. दगडाची बारीक धूळ श्वासावाटे आत जाऊन फुफ्फुसे निकामी होतात, त्या आजाराचे हे नाव; डॉक्टर त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यांचे तेवढ्यावर भागते. लांबी आधी ठरली, अर्थ मागाहून बसवला. यात ज्ञानाची भर कोणती?

तरी प्रतिपक्षाचा खरा आधार असले शब्द नाहीत, कायद्याची परिभाषा आहे. तो म्हणेल, न्यायालय इंग्रजी मसुद्याचा अर्थ लावते, तिथे एकेका शब्दावर जमीन जाते किंवा राहते, म्हणून मूळ शब्दाला हात लावू नये. हा मुद्दा वजनदार आहे. त्याला उत्तर द्यायचे तर किनाऱ्यावरच जायला हवे.

मार्व्याहून होडीने खाडी ओलांडली की मनोरी लागते. कोळी आणि ईस्ट इंडियन लोकांचे हे गाव. इथल्या घराचा, जाळी सुकवण्याच्या जागेचा, होडी ओढून ठेवण्याच्या वाळूचा निकाल किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांनी होतो. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, मग २०११ ची, मग १८ जानेवारी २०१९ ची. या सगळ्या नियमांचा कणा एकच, भरतीरेषा. नियम किती आतवर लागू, ते तिच्यापासून मीटरने मोजायचे. खाडीच्या काठी पूर्वी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी ते धरत. २०१९ मध्ये १०० चे ५० झाले. भरतीरेषेची व्याख्या इंग्रजीत गुंतागुंतीची दिसते. मराठीत ती अशी होते: उधाणाच्या वेळी पाण्याची सर्वांत वरची पातळी जमिनीवर जिथवर पोचते ती रेषा. व्याख्येतल्या इंग्रजी संज्ञेला ‘उधाण’ हा कोळ्यांचा शब्द तंतोतंत बसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाचे पाणी वर चढते आणि खूप मागे हटते, भांगाचे दोन्हीकडे कमी. हे शिकवायला मनोरीत कोणाला पाठवावे लागत नाही.

व्याख्या मराठीत आली की तिच्यातली फट लगेच दिसते. कोळी विचारेल, कुठले उधाण? पौषातले की आषाढातले? पावसाळ्यात वारा आणि लाटा पाणी आणखी आत ढकलतात. साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस मुंबई महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते, ते उगाच नव्हे. रेषा कोणत्या उधाणावरून आखली, हा प्रश्न घरांच्या आणि जमिनींच्या भवितव्याचा आहे. नेमकेपणा तिथल्या माणसाच्या बोलीत होता. इंग्रजी मसुद्याने तो आणला नाही, उलट हा प्रश्न विचारणाऱ्यालाच दाराबाहेर ठेवले. न्यायालयाने मूळ मसुदा जरूर पाहावा. पण न्यायालयात जायचे की नाही हे ज्याने ठरवायचे, त्याला तो मसुदा कळलाच पाहिजे.

इंग्रजी नाव म्हणजे अचूक वर्णन, या समजुतीला मनोरीचा इतिहासही साथ देत नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, मराठीची बोली बोलणारे इथले ख्रिस्ती लोक स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवतात. हे नाव १८८७ सालचे, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळचे. गोवा-मंगळूरकडून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्त्यांपेक्षा आपण इथले आणि ईस्ट इंडिया कंपनीचे जुने प्रजाजन, हे सरकारला कळावे म्हणून त्यांनी ते घेतले. त्यामागे पोटापाण्याची रास्त गरज होती आणि ते आज त्यांचे स्वतःचे नाव आहे. पण ते सत्तेच्या भाषेत नोंद व्हावी म्हणून घेतलेले नाव आहे, दिशा सांगणारे नव्हे. परक्या शब्दांशी माझे भांडण नाही. पाव, बटाटा, चावी, पगार हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द आपण रोज बोलतो. ते तोंडात रुळले, त्यांचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही, एवढी कसोटी मला पुरे आहे.

आता महापालिकेने मनोरीत योजलेल्या प्रकल्पाकडे पाहू. समुद्राचे पाणी गोड करून रोज २० कोटी लिटर द्यायचे, पुढे ते ४० कोटींवर न्यायचे. या तंत्राची इंग्रजी नावे सभेत उच्चारली की गाव गप्प बसते. तंत्र मात्र दोन वाक्यांत सांगता येते: खारे पाणी प्रचंड दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलतात, गोडे पाणी पलीकडे जाते आणि मीठ अलीकडे उरते. आत घेतलेल्या पाण्यापैकी साधारण निम्म्याहून कमीच गोडे होते; उरलेले जवळजवळ दुप्पट खारे होऊन समुद्रात परत जाते. मग गावाचे प्रश्न आपोआप निघतात. ते पाणी कुठे सोडणार, खाडीच्या तोंडाशी की लांब आत? भरतीत की ओहोटीत? तिथे कोणती मासळी अंडी घालते? प्रकल्प व्हावा की न व्हावा हा या लेखाचा विषय नाही. मुंबईला पाणी हवे, हे मलाही कळते. प्रश्न विचारण्याची ताकद मात्र शब्दाने हिरावली जाऊ नये.

एक आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. ‘निःक्षारीकरण’, ‘प्रतिवर्ती परासरण’ असे या तंत्राच्या नावांचे प्रतिशब्द त्या गावाला तितकेच परके आहेत. सरकारी पदांना मराठी नावे देणाऱ्या १९६२ च्या पदनामकोशाची ‘बदनाम कोश’ म्हणून टर उडवली गेली, तिच्यात हेच दुखणे होते. पण त्या टिंगलीतून मराठी अपुरी ठरत नाही. ग्रीक-लॅटिनच्या जागी संस्कृत बसवून काम भागत नाही, एवढेच ठरते. शिवाय सगळेच नवे शब्द पडले नाहीत. सावरकरांनी सुचवलेला ‘महापौर’ आज मुंबईत कोणालाही खटकत नाही. शब्द वापरात आला की रुळतो. कागदात कोंडला की मरतो.

खुद्द इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी ही लढाई ओळखली आहे. सरकारी कागद जनतेला कळेल अशा भाषेत हवा, म्हणून अमेरिकेने २०१० साली कायदा केला. आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जनसुनावणीसाठी प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा प्रादेशिक भाषेत फक्त सारांश द्यावा लागतो. तिच्या जागी आणायच्या २०२० च्या नव्या मसुद्याचे आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी सांगितले, तेव्हा केंद्र सरकारने ते पाळण्याऐवजी त्याला आव्हान दिले. हिंदी-इंग्रजी पुरे, असे त्यांचे म्हणणे. ज्याचा किनारा आहे त्याला पूर्ण अहवाल वाचायची गरज नाही, असाच या सगळ्याचा अर्थ होतो आणि तो अन्यायाचा आहे.

म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला माझी विनंती आहे: जनसुनावणीची नोटीस लागली की सारांशावर समाधान मानू नका. पूर्ण अहवाल मराठीत मागा, लेखी मागा आणि तो मिळेपर्यंत सुनावणी पुढे ढकलायला सांगा.